एक आवाज जास्त

१

दगड पडण्याआधी मुकादम हाळी द्यायचा. नदीकाठच्या त्या कामावरचा हा पहिला आणि शेवटचा नियम होता. काठाच्या पायथ्याशी खणलेल्या चरात माणसं उतरायची, तळ सपाट करायची, तारेच्या जाळीची पेटी नीट बसवायची आणि शिडीने वर यायची. मग काठावर उभं असलेलं मशीन त्या पेटीत दगड ओतायचं. एकदा सुटलेले दगड काही परत बोलावता येत नाहीत. म्हणून मुकादम चराकडे पाठ करून मशीनवाल्यासमोर उभा राहायचा, एक हात उंच धरायचा आणि घसा ताणून विचारायचा, "कोण खाली?" त्यावर प्रत्येकाने जिथे असेल तिथून ओरडायचं, "वर!" सगळे आवाज आले की मुकादमाचा हात खाली यायचा.

डोकी का मोजत नाही, असं तिने पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मुकादमाने तिच्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. डोकी मोजायला जावं तर एक दगडांच्या ढिगामागे, एक पाण्याच्या पिंपाशी, आणि एक झुडपाआड कशाला गेलाय ते बाईमाणसाने विचारू नये. आवाज मात्र कुठूनही येतो, आणि वर आल्याशिवाय कोणी 'वर' म्हणत नाही. त्याच्या वस्तादाने त्याला हे शिकवलं होतं, आणि वस्तादाच्या हाताखाली कधी कोणी दगडात गेलं नव्हतं.

जागा तिची होती. तिचं शहरात कानाच्या यंत्रांचं दुकान होतं, त्यामुळे कामावरची माणसं तिला पाठीमागे 'कानवाल्या बाई' म्हणत. कान तिचेही चांगले होते, त्यामुळे ते तिला ठाऊक होतं.

घर बांधायचं होतं ते अण्णांसाठी, म्हणजे तिच्या वडिलांसाठी. अण्णांचे दोन्ही कान गेलेले. यंत्राशिवाय माणसाचं बोलणं त्यांना अजिबात कळत नसे, आणि यंत्राचा त्यांना भारी कंटाळा. लेकीचं दुकान यंत्रांचं आणि बाप यंत्र खिशात घालून हिंडतोय, म्हणजे दिव्याखाली अंधार. फक्त जाडे, खोलातले आवाज त्यांना अजून थोडे कळायचे. ही जागा बघायला आले तेव्हा ते काठावर काठी टेकून बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "पाणी ऐकू येतंय गं." आई गेल्यापासून त्यांचा चेहरा इतका उजळलेला तिने पाहिला नव्हता. काठ ढासळतोय हे दिसत असूनही तिने ती जागा घेतली.

इंजिनियरने मात्र स्पष्ट सांगितलं. नदी इथे वळते, आणि वळताना काठ खाते. आधी पायथ्याला दगडाच्या पेट्या घाला, त्यावर माती उतरती करा, खोल मुळं धरणारं गवत लावा, मग घराचं नाव काढा. घाई केलीत तर सगळ्यात आधी स्वयंपाकघर पाण्यात जाईल. नदी असं का करते, असं तिने विचारल्यावर तो हसून म्हणाला की नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये.

आणि या सगळ्यात आनंदाने उड्या मारणारा एकच माणूस होता, तिचा नवरा. तो शाळेत विज्ञान शिकवायचा आणि शाळेला सुट्टी होती. कुठलंही काम निघालं की त्याला बाह्या सरसावल्याशिवाय राहवत नसे. अण्णा त्याला 'हौशेराव' म्हणत, आणि पुढे मुकादमही म्हणायला लागला. चार गडी चरात उतरले की पाचवा हौशेराव. टेप घेऊन खोली मोज, पेटीचा कोपरा दाब, उगाच दोन दगड हलव. हाळी झाली की चौघांचं 'वर' संपायची वाट बघायचा, आणि मग वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आपल्या दणदणीत आवाजात ओरडायचा, "वर, सर!" गडी रोज हसत. त्या आवाजावर ती कधीकाळी भाळली होती, पण हे त्याला सांगून त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवायची तिची इच्छा नव्हती.

२

पहिल्यांदा ते झालं तेव्हा ऊन लख्ख होतं आणि सगळ्यांना भुका लागल्या होत्या.

मुकादमाने हाळी दिली. चार गड्यांचे आवाज आले. त्यांतला एक गडी बोलण्याआधी नेहमी खोकायचा, त्याला खोकल्याच म्हणत. तो खोकून मग 'वर' म्हणाला. हौशेरावाचं 'वर, सर' झालं. आणि मग, सगळ्यांच्या नंतर, थोडं थांबून, आणखी कोणीतरी म्हणालं, "वर."

तोंडात पाणी धरून बोलावं तसा तो आवाज होता. फार मोठा नव्हता. बाईचा की पुरुषाचा ते सांगता आलं नसतं.

मुकादमाचा हात उंचच राहिला. कोण दोनदा बोललं, असं त्याने मागे न बघता विचारलं. कोणी कबूल होईना. उंचीमुळे ज्याला लांब्या म्हणत तो गडी म्हणाला खोकल्या बोलला, खोकल्या म्हणाला त्याला श्वास घ्यायलाही जमत नाही तर दोनदा कुठून बोलणार. हौशेरावाने मग सगळ्यांना समोर उभं करून प्रतिध्वनीवर छोटंसं व्याख्यान दिलं. समोरचा काठ, पाण्याचा सपाट पृष्ठभाग, उन्हाने तापलेली हवा. गड्यांनी माना डोलावल्या, कारण व्याख्यान संपलं की जेवण होतं.

तीही हसली. अण्णा खुर्चीत बसून डबा उघडत होते. मशीनच्या धडधडीमुळे त्यांनी यंत्र काढून खिशात ठेवलं होतं, आणि सगळे कशाला हसतायत ते त्यांना कळलं नव्हतं. ती त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्याने सांगायला लागली, पण ऐन विनोदाच्या जागी तिला ते सांगावंसं वाटेना. काही नाही, असं हाताने सांगून तिने त्यांना पाणी ओतून दिलं.

३

दुकानात तिची एक बंद खोली होती. भिंतींना आतून जाड कापड लावलेलं, मध्ये एक खुर्ची. माणसाला तिथे बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, आणि बारीक बारीक आवाज सोडायचे. आवाज आला की त्याने हात वर करायचा. इतक्या वर्षांत तिने एक गोष्ट पक्की पाहिली होती. आपण काहीही वाजवलेलं नसताना माणसं हात वर करतात. अगदी खात्रीने करतात. वाट बघणारा कान स्वतःच आवाज तयार करतो, असं ती गिऱ्हाइकांना समजावून सांगे.

त्या जास्तीच्या आवाजाला तिने याच खणात टाकून दिलं. पण खण बंद होईना. एका माणसाला भास होतो, सगळ्यांना एकाच वेळी एकच भास कसा होईल?

म्हणून दुसऱ्या दिवशी मशीन बंद असताना ती काठावर गेली आणि जोरात टाळी वाजवली. समोरचा काठ बसका होता, गवताळ, त्यामागे लांबवर सपाट रान. टाळी गेली ती गेलीच. तिने नवऱ्याला ओरडायला लावलं. तो पोटातून ओरडला, आणि परत काहीही आलं नाही. काल वारा वेगळा असेल, असं तो म्हणाला. ऐकावं जनाचं, करावं मनाचं, हा त्याचा बाणा. एकदा प्रतिध्वनी म्हटलं की प्रतिध्वनीच.

मग ती चरात उतरली. शिडी ओल्या मातीत थोडी खचली. खाली वाटलं होतं त्यापेक्षा गार होतं. एका बाजूला भरलेल्या पेट्या रांगेत उभ्या होत्या, दुसऱ्या बाजूला काठाची उघडी माती, आणि वळणापाशी, जिथे पाण्याने आतून माती नेली होती, तिथे एक कपार. वाकलं तर माणूस आत जाईल एवढी. कपारीच्या आतली माती गुळगुळीत होती.

तिने सहज, सवयीने, 'हॅलो' म्हणून पाहिलं. शब्द तोंडापाशीच संपला. तिच्या दुकानातल्या खोलीत होतं तसंच झालं, पण तिथे निदान भिंतींना कापड होतं. भिंतीला कान असतात ही म्हण तिच्या मनात आली आणि तिला त्या जागी ती अजिबात आवडली नाही.

वरून नवऱ्याने चहाला हाक मारली. "आले, आले," ती म्हणाली. हे तिचं नेहमीचं. दोनदा म्हणायचं आणि यायचं तिसऱ्या हाकेला. घरात सगळे तिला यावरून चिडवत. या वेळी मात्र ती खरंच पटकन निघाली. शिडीच्या शेवटच्या पायरीवर असताना तिला खालून काहीतरी ऐकू आलं. 'आ' असा नुसता श्वास, आणि पुढे जिभेला न जमलेलं काहीतरी.

ओल्या मातीत शिडी हलली असेल, असं तिने ठरवलं.

४

आवाज रोज यायला लागला. रोज म्हणजे प्रत्येक हाळीला नाही. पण दिवस पार पडायचा तर एकदा तरी यायचाच. गड्यांनी त्याला नावं ठेवली, शिव्या दिल्या, एकमेकांवर ढकललं, आणि माणसाला कशाचीही सवय होते तशी त्याचीही झाली. मुकादमाला तिने बाजूला घेऊन विचारलं तेव्हा त्याने कपाळाला आठ्या घातल्या. त्यालाही ते आवडत नव्हतं, हे दिसत होतं.

"ताई, एक सांगू का," तो म्हणाला. "आवाज जास्त झाला तर काय बिघडतं? कमी झाला तर घाबरायचं. मी कमी होऊ देणार नाही."

हे इतकं सरळ होतं की तिला पटलं. नंतर कितीतरी दिवस तिने हे वाक्य मनात फिरवून फिरवून पाहिलं, आणि त्यात तेव्हा खोट का दिसली नाही याचं तिला नवल वाटत राहिलं.

कारण आवाज सुधारत होता, आणि हे तिच्या कानांना कळत होतं. बोलायला शिकणारी मुलं तिच्या दुकानात यायची. यंत्र लागल्यावर पहिले काही महिने शब्द नुसता आकाराने येतो, मग हळूहळू त्याला कडा येतात. इथे तसंच चाललं होतं. आधी 'व' नीट नव्हता, तो नीट झाला. मग 'र' आला. एके दिवशी शब्दाआधी एक खोकला आला, आणि सगळ्यांनी खोकल्याकडे पाहिलं. खोकल्या पिंपाशी पाणी पीत होता. पेला त्याच्या तोंडालाच होता.

त्या दिवसापासून खोकल्याचा आवाज बसला. धुळीने, असं सगळे म्हणाले. तो घरी गेला तो परत आला नाही, आणि त्याच्या जागी मुकादमाने दुसरा गडी आणला.

तिने नवऱ्याला सांगून पाहिलं, की आता तू खाली जाऊ नकोस, तुझं काय अडलंय. तो हसला. शेवटचीच पेटी राहिली आहे, वळणावरची, कपारीपुढची. ती बसली की काठ पक्का झाला. तेवढी बसू दे, मग मी शहाण्यासारखा खुर्चीत बसेन. मग तिच्या तोंडाकडे बघून तो गंभीर झाला आणि म्हणाला, की तुला तिथे राहायची भीती वाटत असेल तर आपण ही जागा विकून टाकू, अण्णांना मी समजावतो. अण्णा तेव्हा दाराशी उभे राहून घराचा नकाशा उलटा धरून बघत होते आणि त्यांना आपल्या खोलीची खिडकी सापडत नव्हती. तिने नकाशा सुलटा करून त्यांना खिडकी दाखवली. विकायचं नाही, असं तिने नवऱ्याला खुणेनेच सांगितलं.

५

शेवटच्या पेटीच्या दिवशी वारा नव्हता. पेटी चरात उतरवली, गड्यांनी कोपरे ओढून घेतले. हौशेरावाला पेटीच्या मागे कपार किती खोल राहते ते मोजायचं होतं, म्हणजे तिथे नेमके किती दगड ठासायचे ते कळेल. त्याला टेप घेऊन उतरताना तिने पाहिलं. मग ती थर्मासमधून पेल्यांत चहा ओतत बसली, आणि शिडीकडे तिची पाठ झाली.

मशीनने सोंड भरून उचलली. मुकादम नेहमीच्या जागी जाऊन उभा राहिला, चराकडे पाठ करून, आणि त्याने हात वर केला.

"कोण खाली?"

वर. वर. वर. नव्या गड्याचं जरा उशिराने वर. आणि मग तिच्या मागून, अगदी जवळून, ओळखीचा, खुशीतला, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज, "वर, सर!"

तिच्या छातीवरचं ओझं उतरलं. मुकादमालाही बरं वाटलं असणार, कारण या खेपेला आवाज बरोबर भरले होते. एकही जास्त नव्हता. त्याचा हात खाली आला.

"थांबा!"

ओरडले ते अण्णा. खुर्ची उलटली होती आणि ते काठी उगारत मशीनच्या पुढ्यात चालले होते, इतक्या वेगाने की त्यांच्या पायांत एवढं बळ आहे हे तिला माहीत नव्हतं. मशीनवाल्याने सोंड आवरली. तोवर काही दगड सुटले होते. त्यांचा पेटीत पडण्याचा आवाज आला, आणि एकाचा वेगळा, मऊ.

"जावई खाली आहेत," अण्णा म्हणत होते. "मी शिडीकडेच बघत होतो. ते वर आलेच नाहीत. तुम्ही हात कशाला खाली केला?"

ती वळली. तिच्यामागे कोणी नव्हतं. चहाच्या पेल्यावर धूळ बसत होती.

त्याला कपारीतून ओढून काढलं तेव्हा एक हात दगडाखाली सापडलेला होता आणि कपाळ फुटलं होतं. बाकी तो शुद्धीत होता. त्याचं तोंड पूर्ण उघडं होतं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या होत्या, आणि डोळे तिच्यावर होते. तो ओरडत होता. जीव खाऊन ओरडत होता, आणि आवाज मात्र अजिबात येत नव्हता.

६

हात जुळून आला. आवाज आला नाही. गळ्याच्या डॉक्टरने आत नळी घालून पाहिलं, सगळं जागच्या जागी आहे म्हणाला. धसका बसलाय, येईल परत. ती ओळखीच्या आणखी दोघांकडे घेऊन गेली. दोघांनी तेच सांगितलं, फक्त जास्त हळू आवाजात.

मुकादमाने ती शेवटची पेटी भरून दिली. या वेळी त्याने हाळी दिली नाही. गड्यांना एका रांगेत उभं केलं, जवळ जाऊन प्रत्येकाच्या छातीला बोट लावलं, आणि मशीनवाल्याला मानेनेच खूण केली. त्या दिवशी काठावर कोणी चकार शब्द काढला नाही. तिला वाटलं, माणूस शरमेने गप्प आहे. जाताना त्याने तिला हात जोडले आणि तसाच निघाला.

काठ मात्र असा पक्का झाला की इंजिनियर फोटो काढून घेऊन गेला. पाऊसकाळ आला, पाणी चढलं, उतरलं. एक ढेकूळ हललं नाही. गवताने मूळ धरलं. घर उभं राहिलं. शहरातलं राहतं घर सोडून झालं होतं, आणि अण्णांना त्यांची खिडकी मिळाली होती, नदीच्या बाजूची. ते सकाळ-संध्याकाळ तिथे बसायचे. कशासाठी हे घर बांधलं असा प्रश्न तिला पडला, की ती त्यांच्याकडे बघायची.

नवऱ्याची शाळेतली नोकरी सुटली. मुका मास्तर कोण ठेवणार? तो दिवसभर घरात असायचा, भाजी निवडायचा, कपड्यांच्या घड्या करायचा. मीठ कमी, दूध संपलं, असं पाटीवर लिहायचा. एकदा दुपारी, दोघं मागच्या ओट्यावर बसलेली असताना, तिने त्याला शेवटी विचारलं, की तू खाली असताना तिथे कोण होतं.

त्याने पाटी बाजूला ठेवली. काठाकडे पाहिलं. मग हात पुढे केला आणि तळवा तोंडावर दाबून धरला. स्वतःच्या नाही, तिच्या.

ती हसायला गेली, पण त्याचा हात निघेना. तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की हा माणूस महिनोन्महिने ती काठाकडे तोंड करून बोलायला लागली की काही ना काही पाडायचा, दार आपटायचा, तिला बाहीला धरून आत ओढायचा, आणि ती त्याला आजार समजत होती. या काठावर उभं राहून आपण आजवर किती बोललो असू? हाका, चौकश्या, भांडणं, फोनवरच्या गप्पा. सगळं नदीकडे तोंड करून. आवाज स्वच्छ यावा म्हणून ती फोन घेऊन मुद्दाम तिथे जायची.

७

त्यानंतर ती घरात कुजबुजून बोलायला लागली. अण्णांना कुजबुज कळावी म्हणून तिने त्यांच्यासाठी दुकानातलं सगळ्यात चांगलं यंत्र आणलं आणि गोडीगुलाबीने कानात बसवलं. अण्णा पहिल्या दिवशी कुरकुरले, दुसऱ्या दिवशी खूश झाले. पानं ऐकू येतात म्हणाले. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "हौशेरावांचा गळा सुटला वाटतं. सकाळी खाली काठावर काहीतरी शिकवत होते. छान वाटलं ऐकून."

हौशेराव समोर बसून भात कालवत होता. त्याने मान वर केली नाही. सकाळभर तो तिच्याजवळ स्वयंपाकघरात होता.

म्हणजे तो भास नव्हता. आजवर तिने अर्धवट ऐकलेलं सगळं, पाण्याच्या आवाजाआड कोणीतरी धडा म्हटल्यासारखं, मध्येच 'सर' म्हणून हसल्यासारखं, सगळं खरं होतं. तिने त्याच क्षणी ठरवलं की हे घर सोडायचं. उद्या नाही, आज. अण्णांना काय सांगायचं ते गाडीत बसल्यावर बघू. तिने नवऱ्याला खूण केली, त्याने डोळे मिटून मान डोलावली, आणि दोघं काही न बोलता कपाटातून कपडे काढायला लागली. कपडे भरता भरता तिला रडू आलं, आणि तिने तेही आवाज न करता आवरलं.

ऊन कलायला लागलं होतं. अण्णा खिडकीपाशी खुर्चीत होते, पाठमोरे. ती त्यांची औषधं पिशवीत टाकत होती. नवरा दाराशी पिशव्या बांधत होता. तेवढ्यात खालून, काठाच्या पायथ्यापासून, त्याच्या आवाजात हाक आली. कितीतरी महिन्यांनी तिने तो आवाज पुरता, स्वच्छ ऐकला. त्यात ती कधीकाळी ज्यावर भाळली होती ते सगळं होतं.

"अगं, येतेस ना?"

दाराशी नवऱ्याचे हात थांबले. तिने ओठ दातांत घट्ट धरले. बोलायचं नाही. काही झालं तरी बोलायचं नाही.

"आले, आले," कोणीतरी म्हणालं.

आवाज खालून आला होता. दोनदा, घाईघाईने, जराशा वैतागाने, जसं ती आयुष्यभर म्हणत आली होती तसं. एक अक्षरही चुकलं नव्हतं.

अण्णा खिडकीपाशी हसले. "नुसतं आले-आले म्हणते," ते मागे न वळता म्हणाले. "जा की मग. कधीचे बोलावतायत."

मी नाही बोलले अण्णा, असं ती म्हणाली. म्हणजे तिने तोंड उघडलं, जीभ हलवली, श्वास सोडला. पुन्हा म्हणाली. मग तिने सगळा जीव गोळा करून त्यांना हाक मारली, लहानपणी जत्रेच्या गर्दीत हात सुटला होता तेव्हा मारली होती तशी.

अण्णा वळले. त्यांनी तिच्या हलणाऱ्या ओठांकडे पाहिलं, यंत्र कानात जरा दाबून बसवलं, काढलं, फुंकर मारली, पुन्हा लावलं.

"काय म्हणतेस, जरा मोठ्याने बोल की," ते म्हणाले. "बिघडलंय म्हणावं, तर खालचं सगळं स्वच्छ ऐकू येतंय."